सांगता येत नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, ऑफिसात इतकी वर्षं माझ्याच टेबलावर डबा खाणाऱ्या मैत्रिणीजवळही नाही. तुला लिहून सांगतेय, कारण तू मला ओळखत नाहीस. ओळखत असतीस तर म्हणाली असतीस, ‘जाऊ दे गं, होतं असं.’ ते मला नकोय. कुणी तसं म्हटलं तर मी लगेच मान्य करीन — मला माझा स्वभाव माहीत आहे.

कुठून सुरू करू? कामापासून करते. काम चांगलं होतं, त्यात काही खोट नव्हती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आधी एका कंपनीत होते, मग कंटाळून एका लहानशा संस्थेत आले. ऑफिस घोडबंदर रोडला, एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर. एका बाजूला फ्लॅट विकणाऱ्यांचा गाळा, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांचे केस कापायचं दुकान, मध्ये आम्ही सहा जण. आमचं काम असं, की जिथे मोठ्या कंपन्या टॉवर लावत नाहीत, कारण तिथे राहणारी माणसं थोडी आणि गरीब, तिथे गावानेच चालवायचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क उभं करायचं. एक लोखंडी खांब, सोलर पॅनल, बॅटऱ्या आणि जेवणाच्या डब्यापेक्षा थोडं मोठं एक यंत्र. पाड्यातल्या पाड्यात फोन फुकट. बाहेरचा फोन असेल तर तो आमच्या ठाण्यातल्या सर्व्हरवरून जायचा. सर्व्हर, त्याच्यातला प्रोग्राम, त्याच्या किल्ल्या — सगळं माझ्याकडे.

मुरबाडच्या पुढे, डांबरी रस्ता संपल्यावर अजून तासभर चालावं लागतं अशा एका ठाकरपाड्यात आम्ही पहिलं नेटवर्क लावलं. पाड्याचं नाव सांगत नाही. त्यांचं नाव वापरण्याचा माझा हक्क संपलाय.

पहिल्या सभेत एका म्हाताऱ्याने विचारलेलं, आम्ही फोनवर बोललेलं तुम्हाला ऐकू येणार का? मी उभी राहिले आणि छातीठोकपणे म्हणाले, “तुमचं बोलणं तुमच्याशिवाय कुणीही ऐकणार नाही.” माझं शहरी मराठी त्यांना पटकन कळत नव्हतं. तेव्हा एक बाई पुढे आली आणि तिने तेच वाक्य त्यांच्या बोलीत सांगितलं. वर स्वतःचं एक जोडलं — “माजी जबाबदारी.”

ती मथुरा.

मथुरा पस्तिशीची असेल. सातवी शिकलेली. नवऱ्याने टाकलेली, म्हणून माहेरी भावाच्या घरात एका कोपऱ्यात राहायची. नेटवर्क चालवायला गावातलंच कुणीतरी हवं होतं, आणि सभेने तिला निवडलं. काय शिकली ती! खांबावर चढून पॅनल पदराने पुसायची. यंत्र बंद पडलं तर कुठली तार आधी काढायची आणि कुठली नंतर, हे तिला माझ्यापेक्षा पक्कं पाठ होतं. सकाळी तिचा फोन यायचा, “ताई, डबा रुसलाय.” मग मी ठाण्यातून आणि ती खांबाखालून, दोघी मिळून त्याचा रुसवा काढायचो. पाड्यातल्या बायका तिला ‘मथुरा मॅडम’ म्हणायला लागल्या. भावजय पूर्वी तिला सगळ्यांच्या शेवटी वाढायची; आता आधी वाढते, असं तिने मला हसत सांगितलेलं. मला फार बरं वाटलेलं. वाटलं, हे आपण केलं.

बघ, मी अजून चांगलंच सांगतेय. मुद्द्यावर येत नाहीये.

काही महिन्यांनी तक्रारी आल्या, की बाहेरच्या फोनला आवाज तुटतो. आवाज का तुटतो हे बघायला प्रत्यक्ष आवाज ऐकावा लागतो. सभेला विचारून, सगळ्यांच्या परवानगीने आम्ही एक आठवडा फोन रेकॉर्ड केले. ते सर्व्हरवर साठायचे. मी ऐकून, दोष शोधून, आठवड्याच्या शेवटी रेकॉर्डिंग बंद करायचं, असं ठरलेलं. दोष मला तिसऱ्या दिवशी सापडला. आवाज सुधारला. पण रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं.

राहून गेलं? नाही. ‘राहून गेलं’ हा शब्द मी इतकी वर्षं स्वतःशीही वापरलाय. रेकॉर्डिंग बंद करायला एक ओळ बदलायची होती. मी ती ओळ उघडली, तिच्याकडे पाहिलं आणि फाईल तशीच बंद केली. कारण मला पुढचा फोन ऐकायचा होता.

देवकीचा.

देवकी पाड्यातली एक सून. दोन मुलींची आई, वय पंचविसाच्या आत-बाहेर. नवरा भिवंडीकडे बांधकामावर, पंधरा दिवसांनी घरी यायचा. देवकीची बहीण सुमन डोंबिवलीत घरकाम करते. दोघी बहिणी दुपारी बोलायच्या — सासू रानात गेली की. आणि काय बोलायच्या! देवकी सासूची नक्कल करायची, हौसाबाईची, खोकण्यासकट. सुमन ज्या घरांत कामाला जायची तिथल्या बायकांच्या नकला करायची. आमच्यासारख्या बायकांच्या. मी हसायचे. आवाज तपासण्याच्या त्या आठवड्यात मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला त्या दोघी आवडल्या. असं सांगितलं की किती छान वाटतं ना? आवडल्या. जशी एखादी मालिका आवडते.

मी वर्तकनगरला राहते. तिथून घोडबंदर रोडवरच्या ऑफिसला बसने. अंतर फार नाही, पण तो रस्ता तुला माहीत असेल, बस एकेका जागी पंधरा-वीस मिनिटं हलत नाही. लोक कानात घालून काय काय ऐकत असतात. गाणी, कीर्तन, कुणी परीक्षेची लेक्चरं. मी देवकीला ऐकायचे. आदल्या दुपारचा फोन सकाळी मोबाईलवर उतरवून घ्यायचे आणि खिडकीची जागा मिळाली की सुरू करायचे. ज्या दिवशी त्या बोललेल्या नसायच्या त्या दिवशी माझी चिडचिड व्हायची. हे मी सात महिने केलं.

एक सांगते. सांगायलाच हवं, नाहीतर तुला कळणार नाही मी काय होते. एके दिवशी फोनवर देवकी रडली. धाकटीच्या वेळी तिला फार रक्तस्राव झालेला, मरता मरता वाचलेली. डॉक्टरीणबाईने बजावलेलं, इतक्यात पुन्हा दिवस राहू देऊ नकोस, जीवावर बेतेल. घरी सासूला नातू हवा. म्हणून देवकीने सुमनला बरोबर घेऊन कल्याणला जाऊन गुपचूप तांबी बसवून घेतली. घरी सांगितलं, बहीण आजारी आहे, बघून येते. हे सगळं ती रडत रडत बोलत होती, की मी खोटं बोलले, उद्या कळलं तर मला घराबाहेर काढतील, मुली ठेवून घेतील. आणि ती हुंदके देत असताना आमच्या बसच्या ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला. मला मधलं वाक्य ऐकू आलं नाही.

मी मागे जाऊन तिचं रडणं पुन्हा ऐकलं. हातात वेफर्सचं पाकीट होतं. खात खात ऐकलं.

आज ते आठवलं की मला तोंडात बोट घालून ओकावंसं वाटतं. तेव्हा वाटलं नाही. तेव्हा वाटलं, बिचारी. आणि असंही वाटलं, की मी तिची खरी मैत्रीण आहे, कारण तिची एवढी मोठी गोष्ट फक्त सुमनला आणि मला माहीत आहे.

मला! तिने मला कधी काय सांगितलेलं?

भात कापून झाल्यावर, थंडीत, बॅटऱ्या बदलायला मी पाड्यात गेलेले. दुपारी हौसाबाईच्या ओट्यावर आम्ही बसलेलो — मी, मथुरा, शेजारच्या तीन-चार बायका. देवकी कोरा चहा घेऊन आली. मी तिला समोर पाहून जराशी हसले, जुनी ओळख असल्यासारखी. तिने परक्या बाईकडे पाहून हसतात तसं हसून कप पुढे केला. मला ते लागलं, माहितीये? मला राग आला, की ही मला ओळखत कशी नाही.

हौसाबाई खोकत खोकत सांगायला लागली, की धाकटी नात चालायला लागून दोन पावसाळे झाले, सुनेला अजून काही राहत नाही. आता भगताकडे न्यायची. त्याने सांगितलं तर कोंबडं द्यायचं, बोकड द्यायचा. बायका माना डोलवत होत्या. देवकी खाली बघून उभी होती.

आणि मी बोलले. “भगत काय करणार, हौसाबाई? ती तांबी काढल्याशिवाय कसं राहील?”

तुला सांगू का, की भगताच्या तावडीतून तिला वाचवायला मी बोलले? हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं. खरं तसं नव्हतं. मला माहीत आहे, हे दाखवायची खाज होती. त्या ओट्यावरच्या कुणाला माहीत नाही ते मला माहीत आहे. बस्स, एवढंच.

हौसाबाईचा खोकला थांबला. देवकीने सासूकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही, ती नुसती विचार करत होती. हिला कसं कळलं? सुमन तर हिला ओळखतही नाही. मग कसं?

“कोनी सांगला तुला?” हौसाबाईने विचारलं.

“असंच... कानावर आलं,” मी म्हणाले.

आणि माझे डोळे मथुराकडे गेले. पुन्हा तेच बघ — गेले. मी नेले. घाबरलेल्या माणसाला कुठेतरी बघावं लागतं आणि मी तिच्याकडे पाहिलं, क्षणभरच. पण ओट्यावरच्या सगळ्या बायकांनी माझी नजर पकडली आणि तिच्यामागोमाग आपापली नजर नेली. देवकीनेही. फोनच्या डब्याशी दिवसभर कोण बसतं? मथुरा. ठाण्याच्या ताईशी रोज कोण बोलतं? मथुरा. सगळं किती सहज जुळलं.

मथुरा चहा पीत होती. तिला पहिल्यांदा काही समजलंच नाही.

दोन दिवसांनी सभा बोलावली. शाळेच्या पडवीत, भर दुपारी. आमच्या संस्थेचे प्रमुख वसंत सर आलेले. ते साठीचे, समाजकार्यातले, फार सरळ माणूस. यंत्रातलं त्यांना काही कळत नाही आणि ते तसं मोकळेपणाने सांगतात. हौसाबाईचा नवरा उभा राहिला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. म्हणाला, “आमाला जास्ती काय नको. एकच सांगा. त्या डब्याजवल जो बसतो त्याला फोनवरचा आयकू येतं का?”

वसंत सरांनी माझ्याकडे पाहिलं. मथुराने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा शांत होता. दोन दिवस तिने लोकांची बोलणी खाल्ली होती, पण आता ताई आली, ताई सांगेल आणि विषय मिटेल, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

उत्तर एका शब्दाचं होतं. नाही. त्या डब्यातून कुणालाही काहीही ऐकू येत नाही, त्याला ती सोयच नाही. मथुराने आयुष्यभर त्याला कान लावला असता तरी तिला फक्त आतल्या पंख्याची घरघर ऐकू आली असती. ऐकायची सोय ठाण्यात होती आणि तिची किल्ली एकाच माणसाकडे होती. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग कोण?

मी म्हणाले, “सांगता येत नाही.”

आणि मग घसा साफ करून अजून काहीतरी बोलले. तांत्रिक बाबी असतात, तपासावं लागेल, शंभर टक्के कशाचीच खात्री देता येत नाही. असली वाक्यं बोलायची मला सवय आहे. वाक्य लांब असलं की खोटं त्यात सहज मावतं.

मथुराला वाटलं मी नीट सांगितलं नाही म्हणून लोकांना कळलं नाही. ती उठली आणि मला मदत करायला लागली. मला! “ताई, सोपा करून सांगा ना. त्यांना समजला नाय. डब्यातून आयकू येत नाय, एवढाच सांगा.”

मी माझ्या वहीत बघत राहिले. वहीचं पान कोरं होतं.

तिच्याकडून खांबाच्या कुंपणाची किल्ली तिथेच काढून घेतली. तिच्या भावाने घेतली, सगळ्यांसमोर. नंतर लोक एकेक करून आपली सिमकार्डं आणून द्यायला लागले. कुणीतरी सूप आणलं, त्यात टाकत होते. तांदूळ पाखडायच्या त्या सुपात ती एवढीएवढीशी कार्डं. देवकीचं सिम तिच्या सासऱ्याने टाकलं. ती सभेला आलेली नव्हती, की येऊ दिली नव्हती, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

परतताना जीपमध्ये वसंत सर म्हणाले, “मथुरा असं काही करेल असं वाटलं नव्हतं हो मला.”

मी म्हणाले, “मलाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मी सगळ्यांच्या आधी पोचले. पहिली ती ओळ बदलली. मग सात महिन्यांची रेकॉर्डिंग पुसली. मग ती कोण, कधी, किती वेळा उघडत होतं याच्या नोंदी पुसल्या. मथुराला निर्दोष ठरवणारा जगात एवढा एकच पुरावा होता. मी काम चोख करते. सगळं साफ केलं, टेबल पुसलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

अहवाल मीच लिहिला. ‘स्थानिक चालकाकडून गोपनीयतेचा भंग झाल्याचा संशय, समुदायाचा विश्वास गमावल्याने प्रकल्प स्थगित.’ संशय हा शब्द घालताना मला मी फार न्यायी असल्यासारखं वाटलं. खाली शिफारस होती, की यापुढे प्रत्येक गावातल्या चालकाला खासगीपणाबद्दल प्रशिक्षण द्यावं. ती मान्य झाली. आणि ते प्रशिक्षण कोण देतं, सांग बघू?

मी देते. अजून देते. शहापूर, जव्हार, कुठे कुठे जाऊन देते. तिथल्या साध्यासुध्या बायकांसमोर, मथुरासारख्याच बायकांसमोर उभी राहते आणि म्हणते, दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं म्हणजे त्याच्या घरात शिरणं. उदाहरण म्हणून एका पाड्यातल्या एका बाईची गोष्ट सांगते, नाव न घेता. बायका हळहळतात. एकदा एक मुलगी शेवटी येऊन म्हणाली, मॅडम, तुम्ही किती मनापासून बोलता.

देवकीचं काय झालं? तुला ते विचारायचं असेल. मला ते एका आशाताईकडून कळलं. गावोगाव आरोग्याचं काम करणारी बाई, दुसऱ्याच कामासाठी तिचा फोन आलेला, बोलता बोलता तिने सांगितलं. सभेनंतर आठवड्याच्या आत सासूने तांबी काढवून आणली. सुमनशी बोलणं बंद केलं. पुढच्या वर्षी बाळंतपण आलं आणि डॉक्टरीणबाई म्हणालेली तसंच झालं. रक्त थांबेना. पाड्यात नेटवर्क नव्हतं. आमचा खांब होता तिथेच होता, वर वेल चढलेला. एका माणसाला डांबरी रस्त्यापर्यंत पळत जावं लागलं, तिथे कुठे फोनला रेंज आली, मग गाडी. आधी मुरबाड, तिथून उल्हासनगरचं सरकारी हॉस्पिटल. पोचली तेव्हा शुद्धीवर नव्हती. पिशवी काढावी लागली. वाचली.

“मुलगा झाला हो मॅडम,” आशाताई म्हणाली. “हौसाबाईने पाड्यात पेढे वाटले. देवकी मात्र पार वाळून गेलीय. बोलत नाही कुणाशी.”

ती नकला करायची. खोकण्यासकट.

इथपर्यंत सांगून झालं, तरी मी अजून जे सांगायला बसले ते सांगितलेलं नाही. तुला वाटलं असेल, झालं, हेच होतं. मीही बराच काळ तसंच धरून चालले, की त्या सभेत मी घाबरले, नोकरीची भीती, लाजेची भीती, एका क्षणात तोंडातून गेलं. भित्रेपणा. भित्र्या माणसाची लोकांना दया तरी येते.

म्हणून हे पुढचं.

माझी आई कोपरीला राहते. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी तिच्याकडे जाताना पोळ्या घ्यायला म्हणून एका पोळी-भाजी केंद्रात शिरले. आत तीन बायका लाटत होत्या. त्यातली एक उठली, पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

“कवा आल्या ताई?”

मथुरा. केस पुष्कळ पांढरे झालेले. मला पळून जायचं होतं, पण ती हसत होती. खरंखुरं, आनंदाने. भावजयीने घरात ठेवलं नाही म्हणून ती आधी कल्याणला आली, तिथून इथे. दुकानाच्या माळ्यावरच बाकीच्या बायकांबरोबर राहते. हे तिने दोन वाक्यांत उरकलं आणि मला विचारलं, आता कुठे कुठे खांब लावले, नवा डबा कसा आहे, रुसतो का. मी सांगत होते. ती पिठाच्या हातांनी माझ्यासाठी पोळ्या मोजून ठेवत होती. दोन जास्तीच्या ठेवल्या.

मग आवाज खाली आणून म्हणाली, “ताई, एक इचारू? देवकीचा ता... मी खूप इचार केला. मना त डब्यातून कधी काय आयकू आला नाय. पन तुमाला त कलला. म्हंजे मीच तुमाला सांगला आसन. बायकांच्यात कुठं कानावर पडला आसन, आन तापाबिपात बोलून गेली आसन. मना आठवत नाय. मीच सांगला का ताई?”

नीट बघ. आम्ही दोघीच होतो. सभा नव्हती, सर नव्हते, नोकरी जाणार नव्हती. पुरावा मी स्वतः पुसलेला, त्यामुळे मला कुणी काही करूही शकत नव्हतं. समोर एक बाई उभी होती, जी स्वतःच्या डोक्यात शिरून, न केलेला गुन्हा शोधत होती, कारण ताई खोटं बोलेल हे तिच्या मनातच येत नव्हतं. तिला फक्त ‘नाही’ हवं होतं. पुन्हा तोच एक शब्द. आणि या वेळी तो बोलायला मला कसलीही भीती नव्हती.

मी म्हणाले, “असेल गं. जाऊ दे आता.”

तिने मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिली. मग डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. म्हणाली, “माज्यामुलं तुमच्या कामाचा किती नुकसान झाला. देवकीचा वाटोला झाला. माफ करा ताई.”

आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “ठीक आहे,” म्हणाले. “मनाला लावून घेऊ नकोस.”

मी तिला माफ केलं.

तुला कळतंय ना? मी मथुराला माफ केलं. आणि पायऱ्या उतरताना मला हलकं वाटत होतं — खरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू — की चला, मिटलं एकदाचं, तिनेच मान्य केलं. आईकडे गेले. आईने वांग्याचं भरीत केलेलं. पोळ्या अजून गरम होत्या, पातळ, एकसारख्या. आई म्हणाली, किती मऊ आहेत गं, कुठून आणल्यास? मी तीन खाल्ल्या.

मथुराने कधी कुणाचं बोलणं ऐकलं नाही. ऐकत होते मी. हे वाक्य मी इथे लिहिलं, पण तिला जाऊन सांगितलेलं नाही. वसंत सरांना नाही. त्या पाड्यात नाही. पुढच्या महिन्यात वाडा तालुक्यात प्रशिक्षण आहे, त्याची तयारी झालीय.

कोपरीला मी आता दुसऱ्या रस्त्याने जाते. लांब पडतो. आईने परवा विचारलं, त्या मऊ पोळ्या आणत नाहीस आताशा? मी म्हणाले, ते दुकान स्वच्छ नाही.